रो पडलं म्हणून 'गोविंद' पडतं का? निगरानीच्या यादीबद्दल एक उत्तर

इंदूरच्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्या धाकट्या भावावर कॉलेजच्या दिवसांत मारामारीचा एक गुन्हा दाखल झाला होता. कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं. तरी पोलीस थान्याच्या निगरानी (पाळतीच्या) यादीत त्याचं नाव आहेच. अनंत चतुर्दशीच्या झांक्या (मिरवणुकीतले देखावे) जवळ आल्या किंवा निवडणूक लागली की बीटचा शिपाई रात्री-अपरात्री दार वाजवतो, भावाला बाहेर बोलावतो, स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढतो आणि निघून जातो. ओळखीच्या एका वकिलांनी सांगितलं, "खासगीपणाच्या हक्काच्या नादी लागू नका. आपल्याकडचा 'गोविंद'चा निकाल अमेरिकेच्या 'रो'वर उभा होता आणि २०२२ मध्ये खुद्द अमेरिकेनंच रो मोडीत काढला." हे खरं आहे का, आणि परदेशातले निकाल आपल्या काही कामाचे असतात का, असं त्यांनी विचारलंय.

वकीलसाहेबांनी सांगितलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७५ च्या निकालात रो विरुद्ध वेडचा, म्हणजे गर्भपाताचा हक्क मानणाऱ्या अमेरिकी निकालाचा, आधार घेतलेला आहे, आणि रो २०२२ मध्ये रद्द झाला हेही खरं. चुकलंय ते दोन्हींतून काढलेलं अनुमान. मी उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात निगरानी आणि जिलाबदरीची (जिल्ह्यातून हद्दपारीची) प्रकरणं बरीच वर्षं चालवतोय, आणि हा युक्तिवाद आता सरकारी बाजूकडूनही कानावर येऊ लागलाय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी 'गोविंद' मुळातून वाचा. याचिकाकर्त्याची तक्रार तुमच्या भावासारखीच होती: पोलीस पाळत ठेवतात, घरी येतात, जगू देत नाहीत. आव्हान होतं मध्य प्रदेश पोलीस विनियमांतल्या ८५५ आणि ८५६ या दोन विनियमांना. ८५५ म्हणतो की एखादा माणूस गुन्हेगारीचं जीवन जगतोय आणि तसंच जगायचा त्याचा निर्धार त्याच्या वागण्यातून दिसतोय, असं मिळालेल्या माहितीवरून जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांचं मत झालं, तर त्याचं नाव पाळतीच्या रजिस्टरात चढवता येईल. ८५६ मध्ये पाळत म्हणजे काय काय, ते सांगितलंय. माणसाची ख्याती, सवयी, संगत, कमाई, खर्च, धंदा यांची थानेदारानं वेळोवेळी चौकशी करायची. दिवसा आणि रात्री, वारंवार पण अनियमितपणे, घरी भेटी द्यायच्या. तो घरी नसला तर घरावर आणि येण्याजाण्याच्या वाटांवर गुपचूप पहारा ठेवायचा. पटेल, मुकद्दम आणि कोटवारांनी त्याच्या हालचाली कळवायच्या. आणि हे सगळं हिस्ट्रीशीटमध्ये जमा करायचं. पटेल-कोटवार शहरातून गेले, त्यांच्या जागी आता बीटचा व्हॉट्सॅप ग्रुप आलाय. बाकी यादी ओळखीची वाटेल.

'गोविंद'चा निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती मॅथ्यू यांच्यापुढे पंचाईत होती. १९६२ च्या खडक सिंग प्रकरणात सहा न्यायमूर्तींच्या पीठानं उत्तर प्रदेशातल्या रात्रीच्या घरभेटी रद्द केल्या होत्या खऱ्या, पण त्याच दमात बहुमतानं म्हटलं होतं की खासगीपणा हा आपल्या राज्यघटनेनं दिलेला हक्क नाही. सुब्बा राव आणि शाह यांचं मत वेगळं होतं, पण ते पडलं अल्पमत. मॅथ्यू यांचं पीठ तिघांचं. सहांचा निकाल ते उलटवू शकत नव्हते. मनेका गांधींचा निकाल यायलाही तीन वर्षं होती, म्हणजे अनुच्छेद २१ ला (जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काला) आजचा विस्तार आलेला नव्हता. मग त्यांनी अमेरिकेकडे पाहिलं. १९६५ च्या ग्रिसवोल्डमध्ये (विवाहितांच्या गर्भनिरोधकांबद्दलचा निकाल) आणि १९७३ च्या रोमध्ये, घटनेच्या मजकुरात खासगीपणा हा शब्दही नसताना तिथल्या न्यायालयानं हा हक्क कसा ओळखला, ते त्यांनी वाचलं, आणि असा हक्क आहे असं धरून चाललं तरी तो अमर्याद नाही, राज्याचं अनिवार्य हित असेल तर त्याला मर्यादा घालता येते, अशा बेतानं निकाल लिहिला. फार सावध निकाल आहे तो. काही जण त्याला कच्चा म्हणतात. मला तो धूर्त वाटतो. त्या वेळी त्याहून पुढे जायला वाटच नव्हती.

विनियमांना पोलीस कायदा, १८६१ चा आधार असल्यानं ते टिकले. उत्तर प्रदेशचे विनियम नुसत्या प्रशासकीय सूचना ठरल्यामुळे पडले होते, तशी गत यांची झाली नाही. पण टिकवताना न्यायालयानं त्यांचा अर्थ आवळून टाकला. पाळत ठेवायची ती समाजाच्या शांततेला आणि सुरक्षिततेला ज्याच्यापासून खरोखर धोका आहे त्याच्यावरच. नुसती एखादी शिक्षा झालेली असणं पुरेसं नाही. घरभेटी आणि पहारे अगदी स्पष्ट धोक्याच्या प्रकरणांपुरतेच. शिक्षा संपली, तुरुंगातून सुटला, म्हणून रिवाज म्हणून जायचं नाही, आणि अधिकाऱ्याच्या लहरीवर तर मुळीच नाही. असे जुने विनियम घटनाबाह्यतेच्या अगदी काठावर आहेत, सरकारनं ते सुधारावेत, असंही न्यायालयानं बजावून ठेवलं. आता सांगा, यातलं कोणतं वाक्य रोवर उभं आहे? मध्य प्रदेशाच्याच विनियमांचा सर्वोच्च न्यायालयानं लावलेला हा अर्थ आहे, आणि राज्यातल्या प्रत्येक थान्याला तो लागू आहे. तुमच्या भावाला उपयोगी आहे तोही नेमका हाच भाग.

आता डॉब्सकडे वळू. २४ जून २०२२ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं डॉब्स प्रकरणात रो रद्द केला. त्यांचा प्रश्न असा होता की चौदाव्या दुरुस्तीतल्या 'लिबर्टी' या शब्दात गर्भपाताचा हक्क बसतो का, आणि तो ठरवायला त्यांनी कसोटी लावली ती त्या देशाच्या इतिहासात आणि परंपरेत हक्काची मुळं खोल आहेत का ही. आपल्याकडे या कसोटीनं चालायचं ठरवलं तर अनुच्छेद १७ चं काय करायचं? अस्पृश्यता नष्ट करताना आपल्या घटनाकारांनी परंपरेला विचारलं नव्हतं. शिवाय डॉब्सच्या बहुमतानं स्वतःच लिहिलंय की या निकालानं गर्भपाताशी संबंध नसलेल्या इतर पूर्वनिर्णयांना धक्का लागत नाही. न्यायमूर्ती थॉमस यांनी ग्रिसवोल्डसह बाकीचेही निकाल तपासा असं म्हटलं, पण त्या मताला दुसऱ्या कुणी दुजोरा दिला नाही. म्हणजे मॅथ्यूंनी जोडीनं वाचलेल्या दोन निकालांपैकी एक अमेरिकेत आजही उभा आहे.

आणि आपल्याकडे मधल्या काळात पाया बदलला. २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. खडक सिंगमधलं उलट विधान पुसलं गेलं. हा हक्क अनुच्छेद २१ मधून आणि घटनेच्या भाग तीनमधल्या, म्हणजे मूलभूत हक्कांच्या, इतर स्वातंत्र्यांतून येतो, माणसाच्या प्रतिष्ठेतून येतो, असं त्यांनी लिहिलं. निकालात अमेरिका आहे, कॅनडा आहे, दक्षिण आफ्रिका आहे, युरोपचं मानवाधिकार न्यायालय आहे, पण बाकीच्या देशांत काय चाललंय ते पाहून घेतल्यासारखं. उद्या त्या सगळ्यांनी आपापले निकाल फिरवले तरी आपल्या नऊ जणांचा निकाल बदलायला आपलंच मोठं पीठ लागेल.

गर्भपाताबद्दल विचारणारेही असतात, म्हणून एवढंच: आपल्याकडे तो हक्क १९७१ च्या संसदेच्या कायद्यावर आणि अनुच्छेद २१ वर आहे, आणि डॉब्सनंतर तीनच महिन्यांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं अविवाहित स्त्रियांनाही चोवीस आठवड्यांच्या तरतुदीचा लाभ दिला. फ्रान्सनं तर डॉब्स पाहून मार्च २०२४ मध्ये गर्भपाताचं स्वातंत्र्य थेट राज्यघटनेतच लिहून टाकलं.

आता परदेशी निकाल कामाचे असतात का, या मुख्य प्रश्नाकडे. त्यासाठी इंदूरचंच एक प्रकरण सांगतो. मॉडर्न डेंटल कॉलेज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य. इंदूरचं खासगी दंतवैद्यक महाविद्यालय. वाद होता खासगी कॉलेजांतल्या प्रवेशांवर आणि फीवर राज्यानं २००७ च्या कायद्यानं आणलेल्या नियंत्रणाचा. खासगीपणाशी काडीचा संबंध नाही. पण २ मे २०१६ च्या निकालात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं, हक्कावर बंधन घालणारा कायदा कसा तपासायचा, त्याची चार टप्प्यांची कसोटी मांडली. हेतू रास्त आहे का, योजलेला उपाय त्या हेतूशी जुळतो का, कमी जाचक उपाय होता का, आणि शेवटी, मिळणाऱ्या फायद्याच्या मानानं हक्काचं नुकसान जास्त तर नाही. याला आपण प्रमाणबद्धतेची कसोटी म्हणतो. कॉलेजं हरली आणि सरकार जिंकलं, हा गमतीचा भाग. पण त्या कसोटीवर पुढे पुट्टस्वामी लिहिला गेला, आधारचा निकाल लिहिला गेला, आणि जानेवारी २०२० मध्ये काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीचा अनुराधा भसीन निकालही.

ही कसोटी आली कुठून? मॉडर्न डेंटलचा निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती सिक्रींनी ती घेतली इस्रायलचे माजी सरन्यायाधीश अहरोन बराक यांच्या लेखनातून आणि कॅनडाच्या १९८६ च्या ओक्स निकालातून. ओक्स हा ओंटॅरिओतला एक तरुण. त्याच्याकडे हशीश तेलाच्या थोड्या कुप्या आणि सहाशे डॉलरच्या वर रोकड सापडली. तिथला कायदा म्हणायचा की माल जवळ सापडला की तो विकायलाच होता असं धरायचं, आणि तसं नव्हतं हे आरोपीनं सिद्ध करायचं. न्यायालयानं ती तरतूद पाडली. थोड्या कुप्या सापडल्या म्हणून माणूस व्यापारी ठरत नाही, उपाय हेतूशी जुळत नाही. कॅनडाच्या आधी जर्मनीत १९५८ मध्ये बव्हेरियातल्या एका औषधविक्रेत्याला, गावात पुरेशी दुकानं आहेत, म्हणून परवाना नाकारला होता. तिथल्या घटना न्यायालयानं तो नकार मोडताना हीच विचारपद्धत वापरली. आणखी मागे गेलात तर १८८२ चं प्रशिया लागतं. बर्लिनमध्ये क्रॉइट्सबर्गच्या टेकडीवर युद्धस्मारक होतं. ते झाकलं जाऊ नये म्हणून आसपास उंच घरं बांधायला पोलिसांनी बंदी घातली. प्रशियाच्या वरिष्ठ प्रशासकीय न्यायालयानं सांगितलं की पोलिसांचा अधिकार धोका टाळण्यापुरता आहे, देखावा राखणं हे त्यांचं काम नाही.

हा प्रवास मी सांगितला कारण त्यात उत्तर आहे. बर्लिन, बव्हेरिया, ओंटॅरिओ, जेरुसलेम, इंदूर. प्रत्येक ठिकाणी न्यायालयानं तर्क उचलला आणि आपल्या घटनेच्या कलमांना जोडून घेतला. कॅनडानं उद्या ओक्स सोडला म्हणून मॉडर्न डेंटल रद्द होत नाही. परदेशी निकाल आपल्या न्यायालयावर बंधनकारक कधीच नसतो. अनुच्छेद १४१ खाली बांधून ठेवतो तो फक्त आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. बंधनकारक नसलेल्या गोष्टीचं रद्द होणं हा पुरावा म्हणून मांडता येत नाही, एवढं तुमच्या वकीलसाहेबांना सांगा. आणि देवाणघेवाण एकाच दिशेनं चालते असंही नाही. २०१८ मध्ये आधारच्या निकालात चार विरुद्ध एक असा कौल पडला. ते एक मत न्यायमूर्ती चंद्रचूड यांचं होतं. आपल्याकडे ते हरलं. एप्रिल २०१९ मध्ये जमैकाच्या सर्वोच्च न्यायालयानं तिथला सक्तीच्या ओळखक्रमांकाचा कायदा घटनाबाह्य ठरवताना त्याच विरोधी मताचा भरघोस आधार घेतला.

तेव्हा परदेशी निकाल वापरायचे, पण जिथे आपल्याकडे मोकळी जागा आहे तिथेच. तुमच्या प्रकरणात ती जागा आहे, निर्दोष सुटलेल्या माणसाची नोंद पोलिसांनी किती काळ ठेवायची ही. इथे मी दोन निकाल जोडीन, जास्त नाही. पहिला एस. आणि मार्पर विरुद्ध युनायटेड किंगडम, युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाचा, डिसेंबर २००८ चा. त्यातला एस. हा अकरा वर्षांचा मुलगा, जबरी चोरीच्या प्रयत्नाचा आरोप होता, निर्दोष सुटला, तरी त्याचे बोटांचे ठसे आणि डीएनए पोलिसांनी कायमचे ठेवले. सतरा न्यायमूर्तींनी एकमतानं तो भंग ठरवला. निर्दोष माणसाला गुन्हेगाराच्या रांगेत उभं केल्याचा डाग लागतो, हा त्यातला मुद्दा आपल्याला जसाच्या तसा लागू पडतो. ब्रिटननं पुढे २०१२ मध्ये कायदा बदलला.

दुसरा त्याच न्यायालयाचा, कॅट विरुद्ध युनायटेड किंगडम, जानेवारी २०१९ चा. हे गृहस्थ नव्वदी पार केलेले, शांततावादी, कधी कसलीही शिक्षा नाही. निदर्शनांना जायचे आणि तिथे बसून चित्रं काढायचे. पोलिसांनी त्यांच्या नोंदी 'देशांतर्गत अतिरेकी' म्हणून ठेवलेल्या माहितीसाठ्यात घातल्या होत्या, चित्रकलेची वही बाहेर काढली इथपर्यंत. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात ते हरले, स्ट्रासबर्गला, म्हणजे युरोपच्या मानवाधिकार न्यायालयात, जिंकले. नोंद करायला सुरुवातीला कारण असेलही, पण ती काढायची कधी याला नियमच नव्हता, यावर सगळं फिरलं. निगरानीच्या यादीचा आजार हाच आहे. नाव चढायला एक सही लागते आणि उतरवायला कुणी जबाबदारच नसतं. टीआय (थानेदार) बदलतात, यादी नव्या टीआयकडे जाते, आणि नवा माणूस कशाला स्वतःच्या नावावर जोखीम घेईल?

मोबाइलवरच्या फोटोंसाठी परदेशी जायची गरजच नाही. २०२२ च्या गुन्हेगारी प्रक्रिया (ओळख) कायद्यात फोटो हे 'माप' धरलंय, पण ते कुणाचं घेता येतं ते ठरवून दिलंय: शिक्षा झालेला, चांगल्या वर्तणुकीची हमी द्यायला लावलेला, अटक झालेला, प्रतिबंधक स्थानबद्धतेतला, किंवा दंडाधिकाऱ्याचा आदेश असलेला. स्वतःच्या दारात लुंगीवर उभा असलेला माणूस यात कुठेच बसत नाही. आधी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला तर न्यायालयानं कारणं नोंदवून वेगळा आदेश दिल्याशिवाय नोंदी नष्ट करायच्या, असंही तो कायदाच म्हणतो. शिपायाच्या खासगी फोनमधला फोटो कुठल्या कलमाखाली आहे, हा प्रश्न न्यायालयात विचारा. सरकारी वकील वेळ मागून घेतील.

आपल्याकडची अलीकडची दोन वळणंही जोडा. मे २०२४ मध्ये दिल्लीच्या एका हिस्ट्रीशीटच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं विषय स्वतःहून देशभर वाढवला, आणि मागास समाजातल्या निरपराधांची नावं यंत्रासारखी चढवली जातात याकडे लक्ष वेधून राज्यांना आपापली धोरणं तपासायला सांगितलं. त्याच वर्षी जुलैमध्ये फ्रँक व्हायटस प्रकरणात, जामिनावरच्या आरोपीनं गूगल मॅपवर आपलं ठिकाण टाकत राहावं ही अट अनुच्छेद २१ च्या विरुद्ध ठरली. आरोपीवर चोवीस तास नजर चालत नाही, तर निर्दोष सुटलेल्यावर कशी चालेल? रात्री दार वाजवण्याबद्दल २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाचाही स्पष्ट निकाल आलाय. तो आपल्या खंडपीठावर बंधनकारक नाही, पण परदेशी निकालापेक्षा जवळचा आहे.

एक इशाराही देतो. पुट्टस्वामी हातात आला म्हणून प्रकरण जिंकलं असं समजू नका. आधारमध्ये तत्त्व मान्य झालं आणि कायद्याचा बहुतेक भाग टिकला. न्यायमूर्ती विचारणार की या विशिष्ट माणसाच्या बाबतीत पोलिसांकडे काय कागद आहे. तिथे चाळीस पानांची परदेशी पुस्ती काही कामाची नसते. नव्या वकिलांना ती जोडायची फार हौस असते.

म्हणून असं करा. निर्दोष सुटकेच्या निकालाची प्रमाणित प्रत काढा. भावाविरुद्ध दुसरा गुन्हा नोंद नाही, असं शपथपत्र करा. माहिती अधिकारात निगरानी नोंदीची आणि नाव चढवण्याच्या आदेशाची प्रत मागा. बहुधा तपासात अडथळा येईल म्हणून नकार येईल. तो नकारही जपून ठेवा, याचिकेला लावायला तो चांगला कागद आहे. मग विनियम ८५५ आणि 'गोविंद'मधला वर सांगितलेला भाग उद्धृत करून नाव काढण्याचा लेखी अर्ज द्या. इंदूरला डिसेंबर २०२१ पासून आयुक्तालय आहे, तेव्हा तो पोलीस आयुक्तांच्या नावे, प्रत झोनच्या डीसीपींना, पोच घेऊनच. मुद्दा एकच ठेवा: एका गुन्ह्यात निर्दोष सुटलेल्या माणसाचा 'गुन्हेगारीचं जीवन जगण्याचा निर्धार' कोणत्या माहितीवरून दिसला, आणि ते मत कुणाचं, अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याचं की थान्याच्या मुन्शीचं? वाजवी वेळात उत्तर आलं नाही तर अनुच्छेद २२६ खाली खंडपीठात याचिका करा. याचिकेत नाव काढण्याबरोबर फोटो नष्ट करण्याची मागणीही घाला, ती बरेचदा राहून जाते.

तोवर शिपाई रात्री आलाच तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. तो हुकमाचा ताबेदार आहे, आणि भावावर शासकीय कामात अडथळ्याचा नवा गुन्हा लागला तर सगळं मुसळ केरात. शांतपणे नाव आणि बक्कल नंबर विचारा, वेळ लिहून ठेवा, गल्लीत कॅमेरा असेल तर त्या रात्रीचं चित्रण आठवड्याच्या आत काढून घ्या. बहुतेक यंत्रं जुन्या चित्रणावर नवं चढवतात.